पंधरा दिवसांची वही

"हात सैल सोड, आई. सैल म्हणजे सैल."

"सोडलाय की. तूच पट्टा असा आवळतेस, जशी मी पळूनच जाणार आहे. या हाताला सकाळपासून मुंग्या आल्यात."

मुलीने स्टेथोस्कोप कानाला लावून रबरी फुगा दाबला. आईच्या उजव्या दंडावरचा पट्टा फुगला, तबकडीवरचा काटा एकशे ऐंशीवर गेला. इथे धडधाकट माणसाचे ठोके ऐकू येणं बंद व्हावं, असं पुस्तकात लिहिलं होतं. तिला ते खणखणीत ऐकू येत होते. तिने काटा आणखी वर नेला आणि सावकाश हवा सोडली. पहिला ठोका दोनशे दहाला. शेवटचा एकशे वीसला.

तिने वहीत पेन्सिलीने तो आकडा लिहिला, त्याच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि खोडरबर उचललं. मग त्याच जागी शाईने लिहिलं, एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर.

"किती?" आईने विचारलं.

तिने सांगितलं.

"म्हणजे बरं ना?"

"पुस्तकात छापावं इतकं बरं."

यात आपण खोटं बोलतोय असं तिला वाटत नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्याच महिन्यात शेजारच्या मुलीचं बीपी तिने भलतंच सांगितलं होतं आणि ट्यूटर मॅडम भर वर्गात म्हणाल्या होत्या, "कान काय फक्त डूल घालायला ठेवलेत का?" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून आपल्या कानावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. त्यात घरचं यंत्र एका निवृत्त नर्सबाईंनी दिलेलं, म्हणजे तेही म्हातारं. कान कच्चा आणि यंत्र जुनं, आकडा बरोबर येणार तरी कुठून? मॅडमना मात्र घरच्या एका माणसाच्या पंधरा दिवसांच्या नोंदी वहीत हव्या होत्या. तिने पंधराही दिवस चूक सुधारून नीट लिहिल्या होत्या.

आणि आईला काय धाड भरली होती? दिवसभर शिवणयंत्रावर बसून शाळेचे गणवेश शिवायची आणि संध्याकाळी तीन जिने चढताना शेजारणीशी गप्पाही मारायची. सकाळी डोकं दुखायचं, मान धरायची, पण मान खाली घालून शिवणाऱ्या बाईची मान धरणारच. मागच्या आठवड्यात ती त्यासाठी डॉक्टरकडे निघाली होती. जाताजाता तिने वही चाळली आणि चपला परत काढून ठेवल्या.

"घरात नर्स असताना परक्याच्या दारात कशाला ताटकळायचं?" ती म्हणाली. मुलगी लाजली, पण मनातून फुलून गेली होती.

कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला होता. तीन वर्षं कोर्स. दोन वर्षं अतिदक्षता विभाग. मग पुढचं शिक्षण, मग स्वतः ट्यूटर. त्याखाली आईने आपल्या वळणदार अक्षरात भर घातली होती, 'मग आईला सुट्टी.' आजच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झाली, तर सगळं पहिल्या ओळीतच अडणार होतं. नापास मुलींना पुढे वॉर्डात पाठवत नसत.

परीक्षेला 'पेशंट' घरूनच आणायचा होता. आईने ठेवणीतले कपडे काढले, पण गळ्याचं बटण काही केल्या तिला लागेना.

"चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," ती म्हणाली.

"आयुष्यभर लोकांची बटणं लावलीस आणि स्वतःचं लावता येईना?" मुलीने हसत ते लावून दिलं.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोरं करकरीत यंत्र होतं. मॅडमकडे दोघांना एकदम ऐकता येईल असा स्टेथोस्कोप होता.

"तू ऐकशील तेच मी ऐकणार. कर सुरू," मॅडम म्हणाल्या.

आईचा डावा हात टेबलाकडे होता. मुलीने त्यालाच पट्टा बांधला. तिने फुगा दाबला, हवा सोडली. पहिला ठोका दोनशे बारा. शेवटचा एकशे चोवीस.

म्हणजे घरच्या यंत्राचा काही दोष नव्हता. दोष तिच्या कानातच होता, आणि तोही नेमका मॅडमच्या समोर उघडा पडत होता. आई तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

"एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर," ती ठाम आवाजात म्हणाली.

मॅडमनी कानातून नळ्या काढल्या. रागावल्या नाहीत. वही मागून घेतली, पानं उलटली, मग एक पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. शाईच्या आकड्यांखाली पेन्सिलीचे वळ स्पष्ट उमटले होते.

"हे खोडलेलं काय आहे?"

"चुकीचे आकडे, मॅडम. माझा कान नीट नाहीये. मी रोज सुधारून लिहायचे."

मॅडम दाराशी उभ्या असलेल्या आयाबाईंकडे वळल्या. "डॉक्टरांना बोलवा. स्ट्रेचर घेऊनच यायला सांगा. पळा."

मग त्या मुलीकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"तुझा कान उत्तम आहे, पोरी. यातला एकही आकडा चुकीचा नव्हता."

आईला एवढंच कळलं की मॅडम मुलीला उत्तम म्हणाल्या. तिचा चेहरा उजळला. "पास झाली ना हो?" म्हणत ती मुलीच्या पाठीवर थाप द्यायला उजवा हात उचलायला गेली, आणि तो मांडीवरून हललाच नाही.