घरावरचा बोजा

"घरावरचा चार्ज काढून टाक, उदय. तुझी सगळी रक्कम देतो. व्याजासकट."

उदय सबनीस बांधकामाच्या साइटवर व्हॅनच्या मागच्या दारात बसून डबा खात होता. त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "नको," म्हणाला.

परीक्षितचा कानांवर विश्वास बसेना. याच माणसानं इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या त्याच्या घराला मागच्या अंगाला नवं स्वयंपाकघर बांधून दिलं होतं. शेवटचा हप्ता परीक्षितनं थकवला. आज देतो, उद्या देतो. या देशात नुसतं बांधून दिलं म्हणून बिल्डरचा घरावर हक्क बसत नाही. उदयनं कोर्टाची पायरी चढून निकाल मिळवला आणि घरावर चार्ज, म्हणजे आपल्या थकबाकीचा बोजा, नोंदवून टाकला. मंडळाच्या गणपतीत शेजारी बसून जेवणारा मित्र! तेव्हापासून परीक्षितनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

पण आता पाणी गळ्याशी आलं होतं. नोकरी गेली, शेअरमध्ये होतं नव्हतं ते बुडालं. उरलं फक्त घर, तेही त्याच्या एकट्याच्या नावावर. त्यावर कर्ज काढलं की गेलेलं सगळं एका फटक्यात परत आणू, हे त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं. बँकवाला म्हणाला, आधीचा चार्ज उठवून आणा. बायकोला, नीनाला, त्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती बिचारी वृद्धांच्या केअर होममधल्या कामावरून दमून यायची आणि मुकाट्यानं त्याला वाढायची.

"बँक थेट तुझ्याच हातात चेक देईल. आणखी काय हवंय तुला?"

"काही नको."

"मग सूड उगवतोयस?"

उदयनं पोळीचा आणखी एक तुकडा मोडला.

"माझं सोड रे," परीक्षितचा आवाज चिरकला. "नीनाकडे बघ. तनू अजून शाळेत जाते. रस्त्यावर आणणार आहेस का माझ्या पोरीला?"

बोलता बोलता त्यानं साइटवरच्या चिखलात गुडघे टेकले. आयुष्यात तो कुणापुढे असा वाकला नव्हता.

उदयनं डबा बाजूला ठेवला, उतरून त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

"ऊठ. माझे पैसे वहिनींनी मागच्याच वर्षी फेडले, परीक्षित. आणि चार्ज मात्र काढू नका म्हणून त्याही अशाच माझ्या पाया पडल्या."