ओरड बघू

यंत्रानं कस्तुरीला आधीच बजावलं होतं, "सुई नसेला टेकली तर हातातून विजेसारखी कळ जाईल. लगेच ओरडा. तुमचा आवाज आला की मी सुई मागे घेईन."

कुस्तीत निखळलेल्या खांद्याचं ऑपरेशन होतं, त्याआधी हात बधिर करायचा होता. असली इंजेक्शनं आता यंत्रच द्यायचं, डॉक्टर खोलीत नसायचे. तिचा तोच हात धरून बसले होते तिचे वडील, हिंदुराव वस्ताद. तालमीत तिचा हात पिरगाळून ते म्हणायचे, "ओरड बघू!" ती ओठ मिटून हसली की त्यांची छाती फुगायची.

सुई मानेजवळ शिरली. कस्तुरीचं अंग ताठ झालं, पण तोंडातून आवाज नाही.

"त्रास नाही. सुई पुढे नेतो," यंत्र म्हणालं.

हिंदुरावांच्या मुठीत तिची बोटं एकदम थरथरली आणि ढिली पडली.

"थांब! सुई मागं घे!" ते किंचाळले.

"हा आवाज रुग्णाचा नाही."

"ओरड, कस्तुरे! ओरड की गं!"

कस्तुरीनं डबडबल्या डोळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग तालमीत हसायची तशीच हसली आणि ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.