पहिल्या भागातला फोटो

"तुझी मालिका कशी चाललीय?" गॅलरीत मटार सोलत बसलेल्या बायकोला शिरीषने सहज विचारलं.

टीव्ही ज्याच्या त्याच्या मनाचा कल ओळखून प्रत्येकासाठी वेगळी मालिका रचायला लागला, तेव्हापासून असं कुणी कुणाला विचारत नसे. रोहिणीचा चेहरा मात्र खुलला.

"छान आहे हो. पहिल्यापासून पुन्हा बघतेय. घडत काहीच नाही तिच्यात. ती बाई सकाळी खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते, मग पेटी वाजवत बसते. इतकं बरं वाटतं बघताना!"

"आणि तिचा नवरा?"

"तो पहिल्या भागातच जातो," रोहिणी शेंग सोलता सोलता म्हणाली. "भिंतीवर हार घातलेला फोटो आहे त्याचा."

शिरीषने एक शेंग उचलून सोलायला घेतली. रोहिणीने माहेरून आणलेली पेटी त्याला आवाज सहन होत नाही म्हणून कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती.

"तुमच्या मालिकेत बायको आहे का हो?" तिने विचारलं.

"आहे की!" तो घाईने म्हणाला आणि तिचं नाव आठवू लागला. दोन वर्षं रोज बघत होता, तरी नाव आठवेना. चेहराही आठवेना. नायक घरी आला की ती चहा आणून ठेवते, एवढंच आठवलं.

रोहिणीने सोललेले मटार बाजूला ठेवले. मग ती उठून आत गेली आणि तिने त्याच्यासमोर चहाचा कप आणून ठेवला.