दहा बोटं

हॉलमध्ये तीन बॅगा होत्या. दोन मोठ्या, एक लहान. सोफ्यावर लोकरी हातमोज्यांचे दोन जोड, एक दुर्बीण आणि दोन पासपोर्ट. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर नातीच्या, मुग्धाच्या, जेवणाखाणाच्या आणि झोपेच्या चौदा सूचना. घरात माणसं पाच. बाहेर दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या रस्त्यावर त्रेचाळीस अंश, आत एसीवर बावीस.

बाबाजींनी हूकचा वजनकाटा एकेका बॅगेला लावला. लहान बॅग सहा किलो आठशे. सुनेची, संजनाची, बावीस चारशे. मुलाची, मिथुनची, चोवीस सातशे.

"तेवीसच्या वर गेली. एक किलो सातशे जास्त," ते म्हणाले.

मिथुन फोनवर बोर्डिंग पास काढत होता. जास्तीच्या किलोला शंभर दिऱ्हम घेतात, म्हणजे जवळपास अडीच हजार रुपये, तेव्हा काहीतरी काढायला लागणार, असं तो मान वर न करता म्हणाला. टॅक्सी साडेपाचला येणार होती. आता पावणेपाच झाले होते.

बाबाजींनी बॅग आडवी करून चेन उघडली. सगळ्यात वर त्यांचाच करडा कोट होता. कोल्हापूरहून मुद्दाम मागवलेला. जानेवारीत मिथुनचा फोन आला होता, की जूनमध्ये नॉर्वेची क्रूझ करू, आठ दिवस, बर्गेनपासून वर, आपण पाचही जण. तुमच्या दोघांच्या पासपोर्टचे फोटो पाठवा, बाकी मी बघतो. फोटो पाठवले, त्यापलीकडे त्यांना कुठे जावं लागलं नव्हतं. बाबाजींनी राजापूरच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. खाडी नदीने केली, फियॉर्ड बर्फाने कोरला, हा फरक ते दरवर्षी नववीच्या फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढायचे. पाहिली होती ती फक्त खाडी.

ते आणि त्यांची बायको सत्यभामा दुबईत उतरल्यावर आठवड्याभराने मिथुनने सांगितलं, की तुमचा दोघांचा व्हिसा नाकारला. वय बघतात हल्ली. मुग्धा तरी बोटीवर कंटाळलीच असती, ती आता तुमच्याजवळ राहील. कोट इथे कोण घालणार, म्हणून तो मिथुनच्या बॅगेत गेला होता.

सत्यभामा टेबलाशी नाचणीचे लाडू वळत होती. बोटीवरचं काही खाववलं नाही तर असू देत, म्हणून. तिने सहज विचारलं, की तुमच्या दोघांच्या व्हिसाला फार त्रास झाला का गं.

त्रास कसला, कॉमेडी झाली, असं म्हणून संजना सांगायला लागली. आदल्या दिवशी कुकरच्या वाफेने तिचा अंगठा भाजला होता. व्हिसा सेंटरच्या मशीनवर तो उमटेचना. काउंटरवरच्या मुलीने टिश्यूने पुसून, फुंकर घालून, चार वेळा दाबायला लावला. मिथुन मागे उभा राहून हसत होता.

"सगळीच बोटं घेतात?" बाबाजींनी विचारलं. असल्या यंत्रांचं त्यांना कुतूहल असे.

"सगळी, बाबा. दहाच्या दहा. स्वतः जाऊन दिल्याशिवाय फॉर्मच पुढे सरकत नाही."

संजना हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. तिने मिथुनकडे पाहिलं.

फोनवरचा मिथुनचा अंगठा जागच्या जागी राहिला होता.

मुग्धा लहान बॅगेवर बसून टाचा आपटत होती. सत्यभामाने हातातला लाडू पुरता वळला, डब्यात ठेवला आणि तुपाने माखलेली स्वतःची बोटं क्षणभर पाहिली.

"आमची बोटं झिजलेली," ती म्हणाली. "रेशनच्या मशीनवरसुद्धा माझा अंगठा उठत नाही. तिथे कुठला उठायला."

"तेच ना, आई," मिथुन लगेच म्हणाला. "सीनियर लोकांना तोच प्रॉब्लेम येतो."

सत्यभामाने पुढच्या लाडवाचं पीठ घेतलं. तिने वर पाहिलं नाही.

बाबाजींनी बॅगेतून कोट बाहेर काढला. बाही आत मुडपली होती, ती सरळ केली. कोट डाव्या हातावर घेऊन ते चेन लावायला लागले.

"अहो बाबा, तो राहू द्या," मिथुन म्हणाला. "तिकडे सहा डिग्री आहे. मी बूट काढतो ना. माझ्याकडे दुसरा कोटच नाहीये."

"जास्तीचं होतं तेवढंच काढलं."

"आजोबा, आर यू कोल्ड?" मुग्धाने विचारलं.

बाबाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हूक बॅगेच्या पट्ट्यात अडकवला, दोन्ही हातांनी बॅग जमिनीवरून उचलली आणि आकडा स्थिर होईपर्यंत तशीच धरून ठेवली.

बावीस किलो नऊशे.