मद्रासी हॉटेलातलं स्थळ

“आई, पदर सारखा कर. आले ते,” चारुशीला कुजबुजली.

सुनंदाबाईंनी पदर सारखा केला. धुळ्याहून अडीच तास एसटीत हादरत आल्या होत्या, पण थकवा म्हणून नव्हता. चारू जळगावला टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती. आठ दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं होतं : ‘एक स्थळ आहे. माणसं चांगली आहेत. रविवारी ये. घरी नको, स्टेशनजवळ नवीन मद्रासी हॉटेल निघालंय, तिथंच भेटू.’

आधीची दोन स्थळं चारूनं धुडकावून लावली होती. ‘बाबा गेले, आता मीही गेले तर तू एकटी काय करशील?’ हे तिचं ठरलेलं उत्तर. तीच आता आपण होऊन स्थळाचं नाव काढते म्हटल्यावर बाईंनी शाळेत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

लीलाधर उंच, चष्मेवाला, बोलायला मऊ. जळगावातच एका कारखान्यात इंजिनियर होता. त्यानं वाकून नमस्कार केला. त्याचे वडील जीवरामनाना सावद्याकडचे केळीवाले शेतकरी. बायको वारून सहा वर्षं झालेली. पांढरा कडक सदरा घालून ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते.

“शाळेतली नोकरी अजून किती वर्षं?” लीलाधरनं बाईंना विचारलं.

“दहा.”

“आणि खेड्यात करमेल का तुम्हाला?”

बाईंना हसू आलं. मुलगी राहिली बाजूला, हा सासूचीच चौकशी करतोय. हुशार आहे, आधी किल्ला सर करतोय!

“आम्ही त्या खिडकीजवळ बसतो,” चारू उठत म्हणाली. “मोकळेपणानं बोलता येईल.”

लीलाधर तिच्यामागून गेला. बाई समाधानानं बघत राहिल्या. दोघं समोरासमोर बसले, काहीतरी हळूच बोलून हसले. जमतंय, बाईंनी मनात म्हटलं.

तेवढ्यात पेपर डोसे आले. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

नाना बराच वेळ डोशाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “हे खायाचं का नेसायाचं?”

बाई फसकन हसल्या आणि सगळा अवघडलेपणा त्या हसण्यात गेला. डोसा कुठून मोडायचा हे दोघांनाही माहीत नव्हतं. नानांनी मधोमध बुक्की घातली. कुरकुरीत तुकडे ताटाबाहेर उडाले. सांबार नानांना गुळचट लागलं. “आपल्या शेवभाजीपुढे हे लहान लेकरू हाये,” ते म्हणाले, पण वाटी पुसून संपवली. रसम मात्र बाईंना असं काही आवडलं, की बघता बघता त्यांची वाटी रिकामी झाली. नानांनी आपली रसमची वाटी पुढे सरकवली. बाईंनी तीही घेतली.

“तुमले आंबट आवडते वाटतं,” नाना म्हणाले. “आणखी काय आवडते?”

बाईंनी वाटी खाली ठेवली. मीठ बरोबर आहे का, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारलं होतं. त्यांना काय आवडतं, हे कुणी विचारल्याचं आठवेना. सवयीनं ‘भरीत’ म्हणणार होत्या, पण तोंडातून निघालं वेगळंच.

“खरं सांगू? मला वांगं आवडत नाही.”

नानांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. “हळू बोला, बाई! खान्देशात राहून? लोक गावाबाहेर काढतीन.”

“ह्यांना दर बुधवारी भरीत लागायचं. सव्वीस वर्षं भाजलं. मी एक घास खायचे आणि बाकी सगळं त्यांना वाढायचे. कुणाला कळलं नाही.”

“मंग आता माह्यं ऐका.” नाना पुढे झुकले. “वीस एकर केयीचा बाग हाये माह्या. रोज गाड्या भरतो. अन् मले केयं आवडत नही. वाससुद्धा नही.”

बाई इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. खिडकीजवळच्या दोघांनीही बघितलं आणि पटकन माना फिरवल्या.

मग गाडी सुटलीच. बाईंना भाकरीचा करपलेला पापुद्रा आवडायचा. नानांना दुधात कुस्करलेली शिळी भाकरी. भुसावळला तंदुरी रोटीचं पंजाबी हॉटेल होतं. “एकडाव गेलो होतो,” नाना म्हणाले. “एकट्याले काय मजा?”

“धुळ्याला नूर महंमदची खानावळ आहे. त्या बिर्याणीचा मी नुसता वास घेतलाय, रस्त्यावरून जाता-येता. आत जायचा धीर कधी झाला नाही.”

“मंग जाऊ की.”

व्याही-विहीण झाल्यावर जाणं-येणं होणारच, बाईंच्या मनात आलं. कॉफी आली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की तासभर झाला आणि मुलाचा पगार, पत्रिका, काही म्हणता काही विचारलेलं नाही.

“लीलाधरांचा स्वभाव कसा आहे?” त्यांनी घाईनं विचारलं.

“त्याचं बरं चाललंय,” नाना कपात बघत म्हणाले.

बापलेक पान घ्यायला बाहेर पडले, तशी चारू येऊन आईला खेटून बसली.

“कसं वाटलं, आई? खरं सांग.”

“अगं, मला पसंत आहे!” बाईंचा चेहरा फुलला होता. “मुलगा गुणी आहे, वडिलांना जपतो. आणि घरची माणसं तर इतकी मोकळी, की मला परक्यात बसल्यासारखं वाटलंच नाही. पण तुझं काय? तुला आवडला ना लीलाधर?”

चारू हसायला लागली. मग तिचेच डोळे भरून आले.

“आई, लीलाधरचं लग्न होऊन चार वर्षं झाली. त्याची बायको माझ्याच ऑफिसात आहे, तिनंच तर हे सुचवलं.” तिनं आईचा हात घट्ट धरला. “मी नानांचं विचारतेय.”