धुक्यातलं लँडिंग

खासगी जेट कंपनीत वैमानिक म्हणून रुजू होऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सिम्युलेटरच्या पडद्यावर दाट धुकं होतं, धावपट्टीचा पत्ता नव्हता. मागे बसलेल्या प्रशिक्षक बाई विमानाचा मालक बनून ओरडत होत्या, "उतरव म्हणतो ना! विमान माझं आहे. नोकरी नकोय का तुला?"

त्याने मुकाट्याने विमान खाली घेतलं आणि विमान कोसळल्याचं दाखवत पडदा लाल झाला.

"मॅडम, खरा मालक असं थोडंच बोलतो?" तो ओशाळून म्हणाला.

"अगदी हेच बोलला होता. माझ्या वैमानिक मुलाच्या विमानातलं शेवटचं रेकॉर्डिंग ऐकलंय मी."

बाईंनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

"चल, परत उडव. आणि या वेळी मला नाही म्हण, बाळा."