साधा फोन

आईला अतिदक्षता विभागात हलवलं, तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल मागितला. “नर्स तिच्या कानाला धरेल, मी बोलेन.” दुकानात मी मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा फोन निवडला. किंमत ऐकून ते उखडले. “मी काय ठार बहिरा आहे? तो साधा दाखवा.” दुकानदाराने त्यात सिम घातलं. “बाहेरून फोन लावून बघा.” मी फुटपाथवर पोचलो, तोच माझा फोन वाजला. दवाखान्यातून होता. समोरासमोर सांगायचं धाडस होईना. तिथूनच बाबांना फोन लावला. काचेपलीकडे त्यांनी तो कानाला धरला. “बाबा, आई गेली.” त्यांनी मान डोलावली, हसून अंगठा दाखवला. मी आत धावलो. “अगदी स्वच्छ ऐकू येतं,” ते दुकानदाराला सांगत होते. मला पाहताच फोन पुढे केला. “हाच घे. लाव आता तुझ्या आईला.”